बंद अँटेनाचे आकडे

दोन साक्षीदार नसतील तर बातमी छापायची नाही, या शिस्तीत माझी सगळी नोकरी झाली. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय... कारण यात एक साक्षीदार मी स्वतः आहे.

नव्वदचं दशक. इंदूरच्या कापड मिल्स एकेक करून बंद पडत होत्या, बाबांचीही पडली. तुकोगंजातलं आमचं घर माझ्या पगारावर आणि धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या, फेलोशिपवर चालायचं. ती रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी करत होती. एका दीर्घिकेतून येणाऱ्या रेडिओलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात, यावरून तिथल्या चुंबकीय क्षेत्राचं चित्र काढायचं होतं. ते जमलं तरच फेलोशिप वाढणार होती.

अडचण अशी, की वेधशाळेत अशा लहरी एकत्र टिपणाऱ्या अनेक अँटेना असतात आणि प्रत्येक अँटेना त्या लहरींत स्वतःची थोडी भेसळ करते. ती आधी मोजायची, मग वजा करायची. संगणक एखाद्या अंदाजापासून सुरुवात करून उत्तराकडे सरकतो. अंदाज बदलूनही उत्तर तेच आलं, तर ते भरवशाचं.

एका दुपारी नंदाने मला उसन्या आणलेल्या संगणकासमोर बसवलं.

"दादा, निरीक्षणं घेतली तेव्हा ही अँटेना बंद होती. हिच्याकडून नुसता गोंधळ यायला पाहिजे... दर वेळी वेगळा."

तिने माझ्यादेखत अंदाज बदलले, निम्मा डेटा काढून टाकला. उत्तर तेच. ही अँटेना हिशेबात धरली की चित्रात चुंबकीय रेषा स्वच्छ उमटत. वगळली की सगळं धूसर.

मी वेधशाळेत फोन लावला. तिथले इंजिनियर म्हणाले, "रिसिव्हर तेव्हा वर्कशॉपच्या टेबलावर होता, साहेब. केबलसुद्धा काढलेली."

"धरून टाक ना," मी नंदाला म्हणालो. "कोण बघतंय?"

बाबा कॉटवरून हसले. मिलमध्ये ते कापड तपासायला होते. "वा भिया, हे आमचे पत्रकार! अरे, प्रत्येक ताग्यावर लूमचा नंबर असायचा. बंद लूमच्या नंबरचा तागा आला, तर कितना भी बढ़िया हो, मी पास नाही करायचो."

"बाबा, फेलोशिप जाईल."

"जाईल तर जाईल. तू बघ बेटा, नाव तुझं लागणार आहे."

तिने ती अँटेना वगळली. धूसर चित्रच तपासणीला पाठवलं, फेलोशिप वाढली नाही. नंदा अन्नपूर्णा भागातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवू लागली.

काही वर्षांनी परदेशातल्या एका गटाने मोठ्या रेडिओ दुर्बिणीतून घेतलेलं त्याच दीर्घिकेचं चित्र प्रसिद्ध केलं. ते मासिक घेऊन मी कोचिंगवर गेलो. बंद अँटेना धरल्यावर उमटायच्या, त्याच रेषा होत्या, वळणंही तीच.

नंदाने एका वळणावर बोट ठेवलं.

"मग तेव्हा ते पाठवत कोण होतं, दादा?"

आत बॅच खोळंबली होती. मासिक माझ्या हातात देऊन ती शिकवायला गेली.