ओळखीचा साचा

पत्र्याच्या कारखान्यात बावीस वर्षं प्रेसवर काढल्यावर ब्रशमावशीला दोन गोष्टी मिळाल्या : निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ आणि बहिरे कान. घड्याळ वर्षभरात बंद पडलं.

कानाची मशीनं साफ करायला तिला कुणी शिकवलं नाही. दवाखान्यात कानाच्या मशीनचे साचे बनवणारा काय करतो ते तिनं बाकावर बसून पाहिलं आणि घरी येऊन स्वतःच्या मशीनवर हात बसवला. आता रविवारी दुपारी गल्लीतली सगळी जुनी प्रेसवाली माणसं तिच्या दारात.

"मावशी, मशीन बिघडलं."

"मशीन नाही, तू बिघडलास. डोक्याला तेल थापून वर हे अडकवतोस. मळ काय आपल्या पायांनी बाहेर येणार?"

तिचे नियम ठरलेले. मशीनला कोरडं फडकं, पाण्याचा थेंब नाही. ब्रश फिरवताना भोक खाली, म्हणजे मळ बाहेर पडतो, आत जात नाही. कानात बसतो तो साचा तेवढा सोडवून कोमट साबणपाण्यात धुवायचा, नळीतलं पाणी रबरी फुग्यानं उडवायचं, आणि पार वाळल्याशिवाय जोडायचा नाही.

त्या रविवारी शेजारीण एक पुडी घेऊन आली. "माझ्या आत्याचं आहे. संध्याकाळी नेते." आणि लगेच वळली. एरवी ही बाई चहा घेतल्याशिवाय उंबरा सोडत नसे.

साचा चोळता चोळता मावशीचा अंगठा अडला. एक बारीक आडवी खोबण होती. कानावर जिथे व्रण उंच, तिथे साच्यावर खोबण उमटते. तिनं पुन्हा अंगठा फिरवला. तिची पोरगी चार वर्षांची असताना दाराच्या कडीवर आपटली होती. उजवा कान, दोन टाके. टाके घालताना तिचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं ते मावशीनंच.

पोरगी आता चोवीसची. त्याच कारखान्यात, नव्या प्रेसवर, दोन वर्षं. तिला तिथे चिकटवलं कुणी? मावशीनंच. "आता कानात घालायला बोळे देतात, तुमच्या वेळेसारखं नाही," असं समोरच राहणारा कारखान्याचा मुकादम म्हणाला होता, आणि एवढी तोंडाळ बाई, पण तेव्हा तिनं नुसती मान डोलावली होती.

साचा वाळेपर्यंत ती जागची हलली नाही. मग तो जोडला, सेल घातला. तिचं स्वतःचं मशीन ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत होतं. पोरगी बाजारातून आली. मशीन नसलं की मावशी ओठ बघून समजून घ्यायची आणि दोघी ओरडूनच बोलायच्या.

"कुठल्या आत्याचं गं हे?"

पोरीनं पिशवी खाली ठेवली. "शेजारणीनं सांगितलं?"

"तुझ्या कानानं सांगितलं. कधीपासून?"

"सहा महिने. फार नाही गेलेलं, आई. बारीक आवाज तेवढे येत नाहीत."

"मलाही असंच वाटायचं. उद्यापासून कामावर जायचं नाही."

"आणि खायचं काय? बोळे कुलपात असतात, तपासणीवाला आला की बाहेर निघतात. नव्या प्रेसवर आम्ही नऊ जणी आहोत, सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. आधीच्या तिघींनी तक्रार केली, तर त्या मुळातच बहिऱ्या होत्या असं म्हणून कामावरून काढलं. मुकादमाला कळलं तर चौथी मी. दे ते इकडे."

मावशीनं मूठ आवळली. "मी जाते साहेबाकडे."

"जा. मग मी तुझ्याशी बोलणार नाही."

"बोललीस तरी कुठे ऐकू येतंय."

शेजारीण धावत आत आली आणि तिनं मागे दार लावलं. "आधी ती शिट्टी बंद करा."

"कसली शिट्टी?" दोघींनी एकदमच विचारलं.

शेजारणीनं मावशीच्या मुठीकडे बोट दाखवलं. चालू मशीन मुठीत दाबलं की किंचाळतं, हे मावशीइतकं कुणाला ठाऊक? तिनं सेल काढला. पोरगी त्या मुठीकडे बघतच राहिली.

"आणि तुमचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातायत," शेजारीण खाली बसत म्हणाली. "मुकादम सायकल पुसत होता. नऊ जणी म्हणालीस ना, तेव्हा फडकं टाकून आत गेला. आता साहेबाशी फोनवर आहे."

मावशीनं डबीतून आपलं मशीन काढलं, कानात बसवलं आणि खिडकीशी गेली. समोर उघड्या खिडकीत मुकादम फोनवर सावकाश एकेक नाव सांगत होता. पहिलं तिच्याच घरातलं होतं.