व्याह्यांचा कोबा

ओलाव्याचा आमच्या व्याह्यांइतका कट्टर वैरी अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही. हा माणूस फौजेतून सुभेदार होऊन तासगावकडच्या आपल्या गावी परतला. सरहद्दीवर त्यांनी काय काय सोसलं ते कधी सांगत नाहीत, पण घरात कुठे ओल दिसली की यांचा पारा चढलाच. ओली छत्री अंगणातल्या पेरूला टांगायची, पावसाळ्यात आलेलं वर्तमानपत्र तव्यावर शेकून मगच वाचायचं. न्हाणीतून निघालेल्या माणसाने पाय पुसले की नाही हे पाहायला ते स्वतः दारात उभे. एकदा तर आलेल्या तहसीलदारांनाही त्यांनी पाय पुसायला लावले होते आणि वर म्हणाले होते, "सायेब, कायदा समद्यास्नी सारखाच की."

माझी मुलगी त्यांच्या धाकट्या मुलाला द्यायची ठरली, त्याच सुमारास त्यांच्या नव्या घरात फरशीखालचा सिमेंटचा कोबा झाला. सुरुवातीला त्यावर पाणी मारायचं असतं, तेव्हा हेच गृहस्थ पाइप धरून उभे राहिले. पण एकदा कोबा वाळायला टाकल्यावर आत पाण्याचा तांब्या न्यायलाही बंदी. रोज संध्याकाळी जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि सकाळी तो उचलून खाली दव साचलंय का बघायचं. गवंडी कंटाळून म्हणाला, "आवं सुभेदार, लख्ख वाळलंय की." "वरनं समदंच वाळल्यालं दिसतंय गड्या. शेजाऱ्याच्या फरशा बघ जा, पापडावानी फुगल्यात." गवंडी दुसऱ्या कामावर निघून गेला.

लग्न तोंडावर आलं तरी फरशीचा पत्ता नाही. आमच्या सौभाग्यवती हवालदिल. लेकीने काय सिमेंटवरून घरात जायचं? मी साताऱ्याहून गाडी पकडून समजूत घालायला गेलो, तर त्यांनी मलाच गुडघ्यांवर बसवलं. "हात लावा, पाव्हणं. गार लागतंय न्हवं? मंजी पोटात पाणी हाय अजून." पोटात पाणी माझ्याही होतं, म्हणजे ते हलत होतं. माझी लेक लाडाकोडात वाढलेली, भारी धांदरट. जो माणूस जमिनीला एवढा जपतो, तो सुनेचा एक पेला सांडला तर काय करेल, या विचाराने मला झोप येईना.

लग्न लागलं. मुलीच्या बापाने लगेच तिच्या सासरी जायचं नसतं, पण व्याह्यांनी माझा हात सोडलाच नाही. उंबऱ्यावर तांदळाचं माप आणि त्याच्यापुढे परातीत कुंकवाचं पाणी. व्याह्यांची नजर परातीवर गेली. विहीणबाई घाबरून म्हणाल्या, "आवं, कोरडं कुंकू चालंल की." लेकीने उचललेलं पाऊल मागे घेतलं.

"कोरड्या कुंकवाचं पाऊल उमटतंय व्हय?" व्याही गरजले. "ये पोरी, चांगलं भिजीव पाय. घर तुजंच हाय."

त्या गच्च ओल्या पावलांनी ती कोब्यावरून थेट देवघरापर्यंत गेली. कोब्याने कुंकू पिऊन टाकलं. मी उपरण्याने डोळे पुसले, आणि व्याह्यांनी चक्क त्या ओलीकडे दुर्लक्ष केलं.

पुढे उन्हाळा लागला तरी फरशी काही बसेना. फरशीवाला येई आणि हे त्याला परत पाठवत. लेक फोनवर हसून सांगायची, "बाबा, कागद केव्हाचा कोरडा निघतोय, पण मामंजी रोज नवं काहीतरी काढतात." शेवटी एकदाचं काम निघालं तेव्हा मी मुद्दाम गेलो. फरशीवाला सिमेंट कालवत होता आणि व्याही कुंकवाच्या, आता विटकरी झालेल्या त्या पावलांपाशी उभे होते.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "वाळलं तर कवाचंच. झाकायला मन हुईना, बगा."

परतीच्या गाडीत बसलो तो साताऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरने हलवून जागं करेपर्यंत मी गाढ झोपलो होतो.