ईयोबाचं गाऱ्हाणं

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मी देवाशी मनापासून बोलणं टाकलं. रोज संध्याकाळी तेर्साची प्रार्थना चालू होती, जपमाळेचे मणी बोटांतून सरकत होते, पण मनात एकच प्रश्न. देवा, अख्ख्या मालवण तालुक्यात तुला हाच माणूस सापडला? हे गावच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. लग्न असो, फेस्ताचा सण असो, मर्तिक असो, यांच्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. त्यांचा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. गोव्याच्या इस्पितळातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही.

हात-वाचा गेल्याचं दुःख होतंच, पण मला खरी भीती वाटली ती नंतर. यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. पेजेचे दोन चमचे घेतले की ओठ बंद. फादर आजाऱ्यांसाठी कम्युनियनची पवित्र भाकरी घेऊन घरी आले, तर यांनी दात घट्ट आवळले आणि मान फिरवली. फादर समजूतदार, माझ्या खांद्यावर थोपटून गेले. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. माणूस जाणार हे एक वेळ सोसेन, पण देवावर आणि माझ्यावर असा रुसून गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

त्यात भेटायला येणारे. अरे देवा! प्रत्येकाकडे कारण तयार. कुणी यांचं नाव घेऊन म्हणे, बस्त्यांवला नजर लागली. कुणी म्हणे, नवस राहिला असेल, आठवून बघ. आमच्यातल्याच एक बाई यांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "देव उगाच कुणाक शिक्षा करणा नाय गो." मी त्यांना चहा दिला, पण साखर घालायचं मुद्दाम विसरले.

आमच्यासारख्या घरांत तेर्स असतो, बायबल बहुधा कपाटात असतं. फादरांनी दिलेलं मराठी बायबल मी काढलं ते निव्वळ घरातली शांतता सहन होईना म्हणून. सुरुवात त्यातल्या नीतिसूत्रांपासून केली, वाटलं, शहाणपणाचं आहे, बरं वाटेल. आणि काय सुरेख आहे ते! आळशाला मुंगीकडे बघायला लावणारा, भांडखोर बायकोला पावसात गळणाऱ्या छपराच्या रांगेत बसवणारा तो लिहिणारा आमच्याच वाडीत राहून गेला असावा असं वाटावं. एरवी त्या छपरावरून यांनी मला महिनाभर छळलं असतं. पण नीतीने वागणाऱ्याचं भलं होतं, हे पानोपानी यायला लागलं तसे हे डोळे मिटून घेऊ लागले. मलाही ते वाचताना लाज वाटायला लागली. खोटं नव्हतं ते. फक्त आमच्या पलंगापाशी वाचण्यासारखं नव्हतं.

मग त्यातलंच उपदेशक नावाचं पुस्तक. सगळं वाऱ्याच्या मागे धावणं आहे म्हणणारा तो म्हातारा मला फार आवडला. सगळं भोगून, सगळं बघून दमलेला, आणि तरी शेवटी सांगतो की बाबांनो, आपली भाकरी आनंदाने खा. धर्माच्या पुस्तकात असा माणूस ठेवून घ्यायला मोठं मन लागतं. हे भिंतीकडेच बघत होते, पण कान माझ्याकडे होता. इतक्या वर्षांची बायको मी, तेवढं कळतं.

त्यानंतर ईयोबाची गोष्ट. भला माणूस, एका झटक्यात गुरंढोरं, मुलंबाळं, अंगाची कातडीसुद्धा गेली, आणि हा राखेत बसलेला. मित्र येतात, त्याची दशा बघून आधी कितीतरी दिवस नुसते शेजारी बसतात. तिथं मी वाचता वाचता थांबले. असं कुणी आमच्याकडे आलं असतं तर! मग ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो.

त्या दिवशी दुपार कलताना शेजारचे आबा घाडी चार बांगडे घेऊन आले होते. आबा म्हणजे देवळातले गाऱ्हाणं घालणारे. आमच्या भागात देवापुढे उभं राहून साऱ्या गावाचं सुखदुःख खणखणीत आवाजात मांडायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आबांचा आवाज असा की देवळातलं गाऱ्हाणं आमच्या चर्चच्या पायरीवर ऐकू यावं. मी वाचतेय बघून ते दारातल्या बाकावर टेकले. मी वाचत राहिले. ज्याला मरण हवंय त्याला देव उजेड कशाला दाखवतो, असं काहीसं ईयोब विचारतो, तिथवर आले. इतक्यात दारातून मोठ्याने आलं, "व्हय म्हाराजा!"

मी पुस्तक मिटलं. रागच आला मला. "आबा, ह्या आमचा शास्त्र आसा. तुमचा देऊळ नाय."

आबा गांगरले, पण गप्प बसतील तर आबा कसले. "माका ठावक आसा गो बाय. पण तो बिचारो एवढा गाऱ्हाणा घालता, मागसून कोणीतरी व्हय म्हणूक नको? एकट्यान कोण गाऱ्हाणा घालता काय?"

"देवाक असा तोंडार बोललेला चलता?"

"मगे कोणाक सांगूचा? तलाठ्याक?"

मला हसू आलं. कित्येक आठवड्यांनी आलं. मी पुस्तक उघडलं आणि पुढे वाचलं, जरा आबांच्याच चालीवर. वाक्य संपलं की आबा "व्हय म्हाराजा". पुन्हा वाक्य, पुन्हा "व्हय म्हाराजा". आणि मग आबांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला. जाडा, वाकडा, चिखलातून पाय ओढल्यासारखा. "व्ह... य."

हे माझ्याकडे तोंड करून बघत होते. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं आणि डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटत होती. आबा उठून उभे राहिले. "वाच गो! थांबा नको!" मी कशी वाचणार? अक्षरंच दिसत नव्हती. तरी वाचलं. दिवेलागणीपर्यंत वाचलं. आणि त्या संध्याकाळी यांनी वाडगाभर पेज संपवली, वर बांगड्याकडे बोट दाखवलं.

पुढे रोज आबा यायला लागले. मित्र ईयोबाला त्याचं पाप शोधून दाखवायला लागले की चवताळायचे, "ह्येंका कोणी बोलावल्यान?" शेवटी देव वादळातून बोलतो. कारण सांगत नाही, उलट विचारतो: समुद्राला दारं कुणी लावली, लाटांना कुठं थांबायचं हे कुणी सांगितलं? आम्हा तिघांच्याही माना दारातल्या समुद्राकडे वळल्या. आणि मग तो मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, खरं बोलला तो ईयोबच. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. देवाची बाजू घेणारे चुकले, आणि देवाशी भांडणारा खरा ठरला! असं स्वतःच्याच पुस्तकात लिहू देणाऱ्या देवापुढे मान आपोआप लवते.

फादर पुन्हा कम्युनियन घेऊन आले तेव्हा मी दाराची चौकट धरून उभी होते. "ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. यावर आमेन म्हणायचं. यांनी ओठ जुळवायची केवढी खटपट केली, आणि निघालं ते "व्हय." फादरांचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी हळूच स्वतः "आमेन" म्हटलं आणि पवित्र भाकरी यांच्या जिभेवर ठेवली.

डॉक्टर पुढे म्हणाले, तोंडपाठ झालेले शब्द असे आधी परततात. असेलही. आबांचे बांगडे, आबांची ती वेळ, हे कुणी जुळवलं ते मी विचारत नाही, फक्त हात जोडते.

फादर गेल्यावर मी चुलीपाशी बसले आणि माझं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. मोठ्याने, नाव घेऊन, देवाला सुनावलं. का केलंस असं? मी एकटी कशी उचलू यांना? माझी कंबर मोडली, मला झोप नाही, मला यांचं व्हायोलिन ऐकायचंय. शरण जाणं म्हणजे गप्प राहणं, असं मी जन्मभर समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा काहीच लपवलं नाही, आणि लपवलं नाही म्हणूनच असेल, सगळं त्याच्या पायाशी ठेवता आलं. आणि माझ्या एकेका रडगाण्यानंतर आतल्या खोलीतून, पलंगावरून, तो जाडा वाकडा आवाज येत होता. "व्हय." मी पुढचं सांगायची, आणि हे म्हणायचे, "व्हय."