बारा बॉक्स आणि ताई

माझे दाजी मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ‘सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, जरा जपून बोल’ म्हणायला नको. वीस वर्षं जपूनच बोललो.

माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, हवा, बॅलन्सिंग, जुना टायर उतरवून नवा चढवणं, हेच आमचं जग. दाजींचा धंदा टाइल्सचा. बाथरूमची, स्वयंपाकघराची कामं घेतात, माल स्वतः आणतात, स्वतः उतरवतात. हाताखाली दोन कारागीर आहेत, पण बॉक्सला त्यांना हात लावू देतील तर शपथ. तरुणपणी गोदामात हमाली केलेला माणूस. पाठीवर दोन-दोन बॉक्स घेऊन चार-चार मजले चढायचे. पुढे स्वतःचं काम सुरू केलं, तर टेम्पोवाल्याने पहिल्याच ऑर्डरचा निम्मा माल फोडून आणला आणि वर ‘पॅकिंगच कच्चं होतं’ म्हणून हात झटकले. तेव्हापासून दाजींच्या लेखी जगात एकच माणूस सरळ, बाकी सगळे चोर. त्या चोरांच्या यादीत माझा नंबर बराच वर होता.

गेल्या वर्षी त्यांनी गाडी घेतली. छोटी, चार दारांची, नवी कोरी. टेम्पोवाल्यांना कायमचा रामराम. सीटवरचं प्लास्टिक आजतागायत काढलेलं नाही, का तर ओरखडा नको. आणि त्याच गाडीत मागे, बंद डिकीत, बारा बॉक्स टाइल्स! एक बॉक्स चोवीस किलोचा. वर चिकटवायच्या मालाच्या दोन गोण्या. स्टिअरिंगवर दाजी, ते काही फूल नाहीत. आणि त्यांच्या शेजारी माझी ताई. शिवणकामाच्या वर्गात शिकवते ती. वर्ग वाटेवर पडतो म्हणून रोज सकाळी दाजी तिला सोडायचे. मला टाइल्सचं सोयरसुतक नव्हतं. त्या गाडीत ताई बसायची, एवढीच माझी दुखरी नस होती.

दीड महिन्यात मागच्या टायरला बाजूने फुगा आला, लिंबाएवढा. दाजी दुकानात आले ते तोंडाचा पट्टा सोडूनच.

‘‘सडका टायर दिलाय कंपनीने! तू सांग त्यांना, तू टायरवाला ना?’’

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. चौकटीवर स्टिकर असतो, गाडी किती वजन घेते आणि हवा किती भरायची ते त्यावर लिहिलेलं असतं. तिथे नुसता डिंकाचा चौकोन. दाजींनी स्टिकर खरवडून काढला होता. दिसायला वाईट दिसत होता म्हणे!

‘‘अहो दाजी, माणसं धरून पावणेचारशे किलो, संपलं. तुम्ही पावणेपाचशेच्या वर जाताय.’’

‘‘मी साठ-साठ किलो पाठीवर वाहिलंय. मला कुणी स्टिकर लावला होता?’’

पालथ्या घड्यावर पाणी. ते तडक कंपनीच्या शोरूमला जाऊन भांडले. तिथल्या माणसाने शांतपणे डिकी उघडली, तळातला टाइल्सचा चुरा बोटाने उचलून दाखवला आणि वॉरंटीचा कागद परत हातात दिला. दाजींनी तो राग कुणावर काढला असेल? माझ्यावर. ओळखीच्या चार जणांना सांगत फिरले, ‘मेव्हण्याला टायरमधलं ओ का ठो कळत नाही, लोकांना उगाच घाबरवतो.’

नवा टायर मी चढवला. चारही चाकांत हवा नीट मोजून भरली. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा दारात, दोन्ही मागचे टायर कडांनी झिजलेले. मोजली तर हवा निम्मी. पंक्चर शोधलं, व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावलं, कुठे काही नाही. शेवटी मी दाजींकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

‘‘हवा तुम्ही सोडता?’’

‘‘थोडीशी. गाडी मऊ चालते. कडक हवेने दणके बसतात, टाइल्सचे कोपरे उडतात. तुला काय कळणार त्यातलं?’’

म्हणजे मी भरायची आणि ह्यांनी पुढच्या वळणावर थांबून काडी खुपसून फुस्स करायची! शंभर किलो जादा ओझं आणि अर्धी हवा, टायर तापून पापडासारखा होतो हे माझ्याकडचा कुत्राही सांगेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, गाडीत ताई होती, मला कशाचं भान राहिलं नाही.

‘‘अहो, मागे जाऊन बघा जरा! मागचा भाग किती बसलाय ते बघा! अशी बसलेली गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे बायकोला पुलावरून ढकलण्यासारखं आहे!’’

गिऱ्हाइकं हसली. एकजण म्हणाला, ‘‘गाडी आहे का कासव?’’ दाजींचा चेहरा काळा-निळा झाला. ताई समोर बघत बसून राहिली. तिने ना माझी बाजू घेतली ना त्यांची.

दाजींना वजनाचं काही वाटलं नाही. लोक हसले, ते मात्र लागलं. आठवड्याने एकटेच आले, हातात पुडकं. स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे जाड रबर. ते घातले की मागचा भाग उचललेला राहतो, गाडी कितीही भरा.

‘‘हे बसव.’’

‘‘नाही बसवणार. ह्याने गाडी नुसती दिसायला ताठ होते. वजन जातं ते टायरवरच जातं.’’

‘‘नसेल जमत तर तसं सांग. पलीकडचा बसवून देईल. आणि तुझ्या ताईला सांगतो, भावाने मला दारातून हाकललं.’’

‘‘सांगा!’’

‘‘तुझं दुकान उभं राहिलं तेव्हा ही फरशी कुणी लावली? फुकटात लावली. गुडघे फुटले माझे. विसरलास?’’

लावली होती. त्यांनी एकट्याने तीन दिवस खपून लावली होती, आणि त्यानंतर वीस वर्षं दर भेटीत ती माझ्या तोंडावर मारली होती. मी पुडकं हिसकावून घेतलं. डोकं इतकं फिरलं होतं की विचार एकच, हा माणूस एकदाचा माझ्या दारातून जावा.

‘‘द्या इकडे. बसवतो. फरशी फिटली. आता पुन्हा इथे पाऊल टाकू नका.’’

जॅकवर गाडी चढवली आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजूंचे रबर बसवले. काम मात्र झकास केलं. रागात सुद्धा माझा हात कच्चं काम करत नाही. त्या दिवशी हवा तपासली नाही, टायर पाहिले नाहीत. मुद्दाम पाहिले नाहीत. गाडी गेली तेव्हा खरं सांगतो, मला हलकं वाटलं.

अकराव्या दिवशी सकाळी पावणेनऊला दाजींचा फोन आला. उड्डाणपुलाच्या उतारावर मागचा उजवा टायर फुटला होता. गाडी आडवी होऊन दुभाजकावर आदळली होती. दाजींच्या कपाळाला तीन टाके पडले. ताईचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, आणि बोटांकडे जाणाऱ्या नसेला मार बसला होता. डॉक्टर म्हणाले, बोटं पहिल्यासारखी चालतील की नाही ते सहा महिन्यांनी कळेल. माझी ताई त्या हाताने कापडावर खडूची एक रेघ मारायची आणि कात्री त्या रेघेवरून कधी घसरायची नाही.

मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ती जागी होती. हात प्लास्टरमध्ये छातीशी. दाजी पलंगाच्या पायाशी स्टुलावर बसलेले. मी मनात वाक्यं जुळवत आलो होतो. वीस वर्षांचं सगळं आज ह्या माणसाच्या पदरात घालणार होतो. ताईजवळ बसलो, पाण्याची बाटली उघडली, तिला पाजणार तेवढ्यात तीच बोलली.

‘‘अरे, मी बघितलं होतं रे.’’

‘‘काय बघितलं होतंस?’’

‘‘गाडी. तू दुकानात ओरडलास ना त्या दिवशी, तेव्हापासून मी रोज खाली उतरले की आधी मागून गाडी बघायचे. बसलेली दिसली की ह्यांना सांगायचे, मला आज लवकर जायचंय, आणि बसने जायचे. ह्यांना कधी कळू दिलं नाही, उगाच तुमच्यात आणखी भांडण नको. आज तर गाडी छान सरळ उभी होती. मागचे दहा-बारा दिवस रोजच सरळ असायची. मला वाटलं, ह्यांनी ऐकलं तुझं. माल कमी केला.’’ ती थांबली. ‘‘मग असं कसं झालं? तुला कळतं ना टायरमधलं?’’

मी दाजींकडे बघितलं. आता बोलतील, म्हटलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं खापर दुसऱ्यावर फोडलेला माणूस, आणि आज तर खापर फोडायला खरंच जागा होती. नुसतं बोट दाखवायचं होतं माझ्याकडे. दाजी खाली मान घालून बसले होते. मला त्यांचा एवढा राग कधीच आला नव्हता. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो.

‘‘ताई,’’ मी म्हणालो, ‘‘गाडी उचललेली दिसावी म्हणून आत रबर घालतात. यांनी आणले. बसवले मी.’’

‘‘तुला माहीत होतं ना, मी बसते त्या गाडीत?’’

‘‘होतं.’’

तिने मान दाजींकडे वळवली.

‘‘अहो,’’ ती त्यांना म्हणाली, ‘‘मला जरा पाणी द्या.’’

बाटली माझ्या हातात होती. दाजी उठले, त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि मी त्यांना जागा करून दिली.