सोजरबाईंचा डावा कान

कर्वेनगरात आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे, ती मुळात सोजरबाईंच्या सासऱ्यांची. बिल्डरने त्यांना तळमजल्यावर फ्लॅट दिला आणि नारायण पेठेतून आलेल्या माझ्यासारख्यांना त्यांचे शेजारी करून टाकलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. देवाधर्माबाबत माझं मत विचारायला कुणी येत नाही, कारण ते मी न विचारताच सांगून टाकलेलं असतं.

सोजरबाईंच्या अंगात तुकाई यायची. फाटकाबाहेर तुकाईचं ठाणं अजून आहे. बिल्डरला तेवढं काही हलवता आलं नाही. जत्रेत ढोल सुरू झाला की बाई आधी डावीकडे कलायच्या, मग गोल डोलायला लागायच्या, डोळे गरगर फिरायचे आणि माणसं नारळ घेऊन पुढे सरकायची. मी गच्चीतून बघायचो आणि पुढचे दोन दिवस कुत्सित बोलायचो. बाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही.

एकदा मेथी निवडता निवडता त्यांनी मला सांगितलं की देवी फक्त जत्रेत येत नाही, ती आतच असते. नजर फिरवली की कानात कुणीतरी पाटावर मीठ सांडल्यासारखं वाजतं. त्या चालायला लागल्या की डोक्यात कुणीतरी चालतं. त्या थांबल्या की तेही थांबतं.

"कधीतरी मी थांबंन आन् ते म्होरं जाईल, एवढंच भ्या वाटतं," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेल्या.

खरं सांगतो, त्यानंतर काही दिवस जिना चढताना मी स्वतःच्या पावलांकडे लक्ष देत होतो. मला राग आला तो स्वतःचाच.

मग शहर वाढलं आणि देवीचं वेळापत्रक बिघडलं. कुकरची शिट्टी झाली की बाई ओट्याला धरून डोलायच्या. टेम्पो मागे येताना पीं पीं करायला लागला की भिंतीला टेकायच्या. एकदा बसच्या हॉर्नने भर रस्त्यात आडव्या झाल्या आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. टेम्पोच्या हॉर्नला येणारी देवी मला काही पटेना. मी त्यांना मला ऐकायची यंत्रं लावून देणाऱ्या कानाच्या डॉक्टरांकडे, श्रीनिवास आगट्यांकडे नेलं.

डॉक्टरांनी कान तपासायचा स्टीलचा दुबेळका काटा टेबलावर आपटला आणि तो थरथरता काटा बाईंच्या पायाच्या घोट्यावर टेकवला. आवाज येतो का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, येतो की, डाव्या कानात. घोट्यावरचा आवाज कानात यायला नको, असं म्हणत डॉक्टरांनी काटा खाली ठेवला आणि स्कॅनची चिठ्ठी लिहिली.

स्कॅनमध्ये सगळं दिसलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी एक नळी असते. तिच्यावरच्या हाडाला तिळाएवढं भोक होतं. मोठा आवाज त्या भोकामुळे तोलाच्या नळीत शिरायचा आणि जग फिरायचं. शरीराच्या आतले आवाजही तिथूनच ऐकू यायचे: डोळ्यांचे, पावलांचे. अशा रुग्णांची कवटी वरून उघडावी लागायची. आगट्यांनी कानामागून जाऊन ते भोक बुजवायची पद्धत बसवली होती.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "देवी जाईल का?"

"देवीचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "भोक बुजेल."

ऑपरेशन झालं. बाईंची चक्कर थांबली, कुकर शिट्ट्या देऊ लागला आणि बाई भात उतरवू लागल्या. मी जग जिंकल्यासारखा फिरत होतो. बाई मात्र खूश नव्हत्या. डोक्यातली पावलं थांबली होती आणि घरात एकटं वाटतं, असं म्हणायच्या. पण त्यांना खरा घोर होता तो तुळजाबाईंचा.

तुळजाबाई चौथ्या मजल्यावरच्या, त्याच गावकीतल्या, विधवा. त्यांचा मच्छिंद्र बापाशी भांडून ऐन विशीत घरातून गेला तो परतलाच नाही. एका जत्रेत त्यांनी सोजरबाईंचे पाय धरले आणि डोलणाऱ्या सोजरबाईंच्या तोंडून शब्द आले: "येईल. उंबऱ्याशी पानी ठेव." तेव्हापासून तुळजाबाईंच्या दाराबाहेर भरलेला तांब्या असे. रोज सकाळी पाणी बदललेलं. त्यावर मी भिंतीला सूचना चिकटवली होती: 'जिन्यात भांडी ठेवू नयेत. पाय लागून पडल्यास सोसायटी जबाबदार नाही.' तुळजाबाईंनी तांब्या सरकवून बरोबर सूचनेखाली ठेवला.

"पानी ठेव म्हनलं ते कोन बोललं?" सोजरबाईंनी मला विचारलं. "भोक बोलतं का हो, भाऊसाहेब?"

चक्कर आलेला माणूस काहीही बरळतो, असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा बघितल्यावर म्हणायला नको होतं असं वाटलं.

वर्षभरात कानतज्ज्ञांच्या संघटनेने आगट्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की ढोलपथक बोलवायचं आणि बऱ्या झालेल्या बाईंना ढोलासमोर बसवायचं. मी ती पत्रिका हौसेने बोर्डावर लावली. ती वाचून तुळजाबाई खाली आल्या. न रागावता, न रडता एवढंच म्हणाल्या, "ढोलाला तू बसून ऱ्हायलीस, तर उद्या मी तांब्या आत घेते."

त्या गेल्यावर सोजरबाईंनी माझा हात धरला. "मी डोलले तर डॉक्टरांची अब्रू जाती. न्हाई डोलले तर तुळजा मरती. काय करू?"

मी मत न देता सत्काराची वेळ तेवढी सांगितली. असं सहसा होत नाही.

सत्काराला हॉल भरला होता. व्यासपीठावर पगडी घातलेले आगटे, शेजारी नव्या लुगड्यात सोजरबाई. तुळजाबाई माझ्या पुढच्याच रांगेत, मांडीवर हात ठेवून. ढोल सुरू झाले तेव्हा मी माझी कानातली यंत्रं काढून खिशात टाकली. तरी तो आवाज छातीत शिरत होता. सोजरबाई ताठ बसल्या होत्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग बाईंनी तुळजाबाईंकडे पाहिलं, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि हळूच डावीकडे कलल्या. त्या नाटक करणार हे मला स्पष्ट दिसलं आणि त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला.

पण पुढच्या रांगेत तुळजाबाई आधीच उभ्या राहिल्या होत्या.

आधी डावीकडे. मग गोल. अंबाडा सुटला, डोळे गरगरले. टिपेला लागलेले ढोल एकेक करून थांबले, तरी त्या थांबेनात. यंत्रं माझ्या खिशात होती. मला साधं बोलणंही धड ऐकू येत नाही. तरी तुळजाबाईंच्या तोंडून निघालेला आवाज मला शब्दन् शब्द कळला. तो तुळजाबाईंचा नव्हता. जत्रेतल्या सोजरबाईंचा होता.

"सोजरे, पानी आत घिऊ देऊ नगंस. त्यो वाटेवर हाय."

मग त्या मटकन खाली बसल्या आणि शेजारणीला विचारू लागल्या, ढोल कधी सुरू होणार म्हणून.

आगटे सच्चा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुळजाबाईंना बोलावून घोट्यावर काटा टेकवला, स्कॅन काढला, कानाशी नाना आवाज करून बघितले. निकाल आणायला मीच गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाले की दोन्ही कान उत्तम आहेत, हाड शाबूत आहे. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं आणि मला त्यांच्याकडे.

परत आलो तर सोजरबाई चौथ्या मजल्यावर होत्या, तांब्यातलं पाणी बदलत. मी त्यांना निकाल सांगितला. मला वाटलं, त्या हरखून जातील. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. मग पदर डाव्या कानावर घट्ट ओढून घेतला.

"म्हंजी ती खरीच व्हती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझी हाय. ती नुसती त्या भोकातनं बघत व्हती. आता तिला भोक लागत न्हाई."

मी भिंतीवरची माझी सूचना काढली, घडी करून खिशात घातली आणि तांब्याला पाय लागू नये म्हणून कठड्याला धरून जिना उतरलो.