तिसरी पास माणसाचं पार्सल
२०२२ साल, मी तेव्हा एकाहत्तरचा. गँगमन म्हणून रूळ तपासण्यात जन्म गेला, आणि शेवटी मी जयपूरलाच स्थिरावलो. इथल्या बनी पार्क भागातलं एक दुकान स्वतःच निवडून हिंदी पुस्तक घरी पाठवतं, उघडेपर्यंत काय ते कळत नाही. नातीने माझ्या वाढदिवसाला तिथे माझं नाव घातलं. पार्सल आलं तसे मी हात धुतले, चष्मा पुसला, सुतळी न कापता गाठ सोडली. कागदातून ताज्या खळीचा वास आला, इतकं बरं वाटलं! आणि आत काय, तर सशाचं चित्र आणि बोराएवढाली अक्षरं. शी! "अगं, तू त्यांना सांगितलंस तरी काय?" "आजोबा, फॉर्मवर शिक्षण विचारलं होतं, मी तिसरी लिहिलं. मतलब, खरंच आहे ना?" खरं होतं, म्हणूनच जास्त किळस आली. फलाटावर टाकलेली वर्तमानपत्रं उचलून मी पुढचं वाचायला शिकलो, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? खळीचा वास आला की अजून तोंड कडू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत दुकानात गेलो, ससा त्यांच्यासमोर ठेवला, फॉर्म मागून घेतला, 'तिसरी' तशीच राहू दिली आणि खाली माझ्या हाताने लिहिलं, 'जाड पुस्तक पाठवा. चित्रं नकोत.'