मृत्यूचे कारण : अल्प आजार

ग्रामसेवक म्हणून मी तीसेक वर्षं गावोगावच्या मृत्यूच्या नोंदी केल्या. सुरुवातीला चाळिशी-पन्नाशीत कुणी गेलं तर रजिस्टरात क्षय, ताप, सर्पदंश असं काहीतरी असे. बायकांच्या नावापुढं बाळंतपण. पुढं हे सगळं कमी होत गेलं. त्याच वयाचे पुरुष आता हृदयविकारानं, अपघातानं मरू लागले. पुरुषाचं कारण मी खोदून विचारायचो, कारण मागं विमा किंवा नोकरीचं काहीतरी असायचं. बाईबद्दल घरचे म्हणायचे, "चार दिस आजारी हुती की." मी 'अल्प आजार' लिहून सही करायचो.

त्यातली एक नोंद माझ्या बायकोची आहे. वय सेहेचाळीस.

गेल्या महिन्यात माझी मुलगी जबडा दुखतो म्हणून कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरकडं गेली. तिला सत्तेचाळिसावं चालू आहे. दात ठणठणीत निघाले, तेव्हा जबडा हृदयामुळंही दुखतो म्हणत त्यांनी तिला हृदयाच्या डॉक्टरकडं पाठवलं. मी सोबत होतो. कार्डिओग्राम बरा आला.

"पित्ताची गोळी देतो," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाला हार्टचा त्रास?"

"छे हो," मुलगी म्हणाली. "आई लवकर गेली, पण पित्तानं. आणि आमचं आबा तर ऐंशीला आलं, अजून मिसळीला कट जास्त मागतात."

डॉक्टर हसत लिहू लागले. गोळी घेऊन ती घरी जाणार होती.

"पित्त नव्हतं," मी म्हणालो. "तिचाबी जबडाच दुखत हुता. डाव्या खांद्यात कळ. मी म्हटलं, दाढ असंल, ग्रामसभा झाली की जाऊ. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना पडली."

पोरांना पित्त सांगितलं ते मीच. खरं लिहिलं असतं तर तीन दिवस तुम्ही काय करत होता, असं कुणीतरी विचारलं असतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. "आजोबा, बरं झालं बोललासा. हिला आत्ताच दाखल करूया. नुसत्या कार्डिओग्रामवर सोडायचं न्हाय."

मुलगी माझ्याकडं बघत होती. "तीन दिवस, आबा?"

"व्हय."

"आणि मला पित्त सांगितलंसा? दोन आठवडं मी दाढंत लवंग धरून काढलं."

नर्सनं बांगड्या उतरवायला सांगितल्या. मी हात पुढं केला. तिनं त्या नर्सकडं दिल्या आणि आत गेली.